ओपीडी संपल्यावर चॅटबॉटकडनं शिकायचं कसं: तालुक्याच्या डॉक्टरांसाठी

मिरगाच्या आसपासची गोष्ट. विंचू चावलेलं पोरगं रात्री अकराला आणलं, हातपाय बर्फासारखे गार, अंग घामानं भिजलेलं, नाडी नुसती पळायलेली. प्राझोसिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं बीपीचं औषध, दिलं, आडवंच झोपवून ठेवलं, बीपी बघत आणि पाय चाचपत बसलो, पहाटेपर्यंत पाय कोमट झाले आणि पोरगं बिस्किट मागायलं. दुसऱ्या दिवशी रात्री, सगळं निवांत झाल्यावर, मी सहज चॅटबॉटला विचारलं की लहान मुलाला विंचू चावला तर ट्रीटमेंट काय. तर त्यानं मला अ‍ॅनास्कॉर्प हे विंचवाच्या विषावरचं औषध सांगितलं, सेंट्रुरॉइडिस जातीचा विंचू सांगितला, तळमळ शांत करणारं बेंझोडायझेपिन सांगितलं. चूक काहीच नव्हतं हो, फक्त ते सगळं अ‍ॅरिझोनातल्या विंचवाचं होतं. आपल्या लाल विंचवाचं प्राझोसिन पार खाली, एका ओळीत. आणि हे प्राझोसिन जगाला सांगितलं कुणी, तर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी, तिकडं महाडला राहून, १९८० च्या दशकात लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून. आपल्या मातीतल्या माणसाचं काम आणि आपल्यालाच खालून चौथ्या ओळीत मिळायलंय.

मग प्रश्न बदलून टाकला: भारत, लाल विंचू, ग्रामीण हॉस्पिटल, मुलगा अमुक किलोचा, घाम, गार हातपाय, बीपी वाढलेलं. आता मात्र गडी नीट बोलायला लागला, किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर ३ तासांनी, हातपाय गरम होईस्तोवर, पहिल्या डोसनंतर बीपी पडू शकतं म्हणून उठवू नका, सगळं. माझ्या डोक्यात तेव्हा ट्यूब पेटली. आडात आहे, पण पोहऱ्यात काय यायचं ते आपण दोर कुठं सोडतो त्यावर आहे. तेव्हापासून वर्षभर मी हे रात्रीचं शिकणं करायलोय, बऱ्याच चुका करून एक पद्धत बसलीय, ती सांगतो.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू, कारण दोघातिघांनी मला हेच विचारलं. याचे पॉइंट मिळत नाहीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात आणि ते मान्यता असलेल्या सीएमईचेच, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या कार्यक्रमांचेच, धरतात, तुम्ही घरी बसून चॅटबॉटशी किती का बोलेनात. त्यामुळं सीएमई सोडू नका. आणि खरं सांगू का, सीएमईत हॉलमधल्या लेक्चरपेक्षा मला जेवणाच्या रांगेत जास्त मिळालंय, संभाजीनगरच्या घाटी हॉस्पिटलातले एखादे सर शेजारी उभे असतात, ताटात वरण घेता घेता केस विचारता येते आणि नंबर पण मिळतो. रात्री दोन वाजता पेशंट बिघडला की तो नंबर कामाला येतो.

पण सीएमई आपल्याकडं कुठं असते? संभाजीनगर, लातूर, नांदेड. तालुक्याहून जायचं म्हणजे रविवार गेला, जाऊन येऊन पाच सहा तास गाडीत, आणि लेक्चर बऱ्याचदा ज्या औषधाची कंपनी जेवण देते त्या औषधाच्या बाजूचंच. मधल्या दिवसांत आपल्याला नवीन काय ते एमआर, म्हणजे औषध कंपनीचा फिरता माणूस, सांगतो, दीड मिनिटात, पॅडवर फोटो दाखवत. मी २० वर्षं असाच शिकत आलो म्हणायला हरकत नाही. आणि अजून एक, जे आपण कुणी बोलत नाही: २० वर्षं प्रॅक्टिस झाली की बेसिक प्रश्न विचारायची लाज वाटते. ज्युनिअरला कसं विचारणार की बाबा हे नवीन औषध किडनीत नेमकं करतं काय? चॅटबॉटला लाज न वाटता विचारता येतं, त्याच्यासमोर मी पुन्हा सेकंड एमबीबीएसचा पोरगा होऊन बसतो, आणि माझ्यापुरता तरी सगळ्यात मोठा फायदा हाच झालाय.

आता पद्धत. मुळात एकच नियम आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं: आधी आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मग फोन उचलायचा.

मी एक दोनशे पानी वही केलीय, पोरांची असती तशी. रात्री दिवसातली एक केस घ्यायची, एकच. जिच्यात आपण अडखळलो, किंवा अडखळलो नाही पण नंतर मनात राहिली ती. पानाच्या डाव्या बाजूला लिहायचं मला काय वाटलं, डीडी काय, म्हणजे आणखी कोणते आजार असू शकतात, कोणती तपासणी, कोणता डोस आणि का. पाच सात ओळी बास. उजवी बाजू कोरी. मग चॅटबॉट. हे लिहायचा कंटाळा येतो, मलाही येतो, पण न लिहिता विचारलं की त्याचं उत्तर वाचून आपल्याला वाटतं हे तर मला माहीतच होतं. माहीत नव्हतं. डाव्या बाजूचं पान खोटं बोलू देत नाही.

यामागं नुसती माझी हौस नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात जामा नेटवर्क ओपनमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, ५० डॉक्टर घेतले, काहींना नेहमीच्या साधनांसोबत जीपीटी ४ दिलं, बाकीच्यांना नेहमीचीच साधनं, आणि डायग्नोसिसच्या केसेस सोडवायला लावल्या. चॅटबॉटवाल्यांचा स्कोअर ७६ टक्के, दुसऱ्यांचा ७४, म्हणजे फरक जवळपास नाहीच. आणि चॅटबॉटनं एकट्यानं सोडवल्या तेव्हा तो नेहमीच्या साधनांवाल्या डॉक्टरांपेक्षा १६ पॉइंटनं पुढं. याचा लोकांनी अर्थ लावला की डॉक्टरची गरजच नाही, तो उगीच, केसेस लिहून तयार दिलेल्या होत्या, खऱ्या पेशंटकडनं हिस्ट्री काढायची भानगडच नव्हती, आपल्याकडं तर निम्मं डायग्नोसिस आजीला बोलतं करण्यात जातं. मला त्यातनं वेगळंच दिसतं: हातात हत्यार देऊन भागत नाही, ते वापरायची रीत पण शिकावी लागते.

दुसरा अभ्यास पोलंडचा, २०२५ मधला, लॅन्सेटच्या गॅस्ट्रोच्या जर्नलमध्ये. तो चॅटबॉटचा नाही, कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं तपासताना, गाठ दाखवणाऱ्या एआयचा आहे, हे आधीच सांगतो. तिथल्या अनुभवी डॉक्टरांना एआयची सवय लागल्यावर एआयशिवाय केलेल्या कोलोनोस्कोपीत अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढं कॅन्सर होऊ शकणारी गाठ, सापडायचं प्रमाण २८.४ वरनं २२.४ टक्क्यांवर आलं. असा अभ्यास कारण पक्कं सिद्ध करत नाही, पण चष्म्याचं बघा ना, एकदा लावला की काढून वाचता येत नाही. म्हणून आधी डावी बाजू.

मग विचारायचं कसं. सगळ्यात वाईट प्रश्न म्हणजे अमुक आजाराची ट्रीटमेंट सांग. त्याच्यावर तो पाठ्यपुस्तक ओकतो. मी चार गोष्टी टाकतोच टाकतो: जागा, म्हणजे भारत, ग्रामीण, माझ्याकडं व्हेंटिलेटर नाही, एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी, नाही, मोठं हॉस्पिटल दीड तासावर; पेशंट; मी काय केलं; आणि तू काय करायचं. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. माझा नेहमीचा मजकूर साधारण असा असतो, मी इंग्रजीत टाकतो, इथं मराठीत लिहितो:

"तू मेडिसिनचा परीक्षक आहेस. मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. मला उत्तर देऊ नकोस. ही केस वाच, एका वेळी एकच प्रश्न विचार, मी उत्तर दिलं की चूक असेल तिथं अडव, आणि शेवटी माझ्या प्लॅनमधली सगळ्यात धोकादायक गोष्ट कोणती ते सांग."

सुरुवातीला करून बघायला एक केस देतो. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखायलंय म्हणून आला, उलटी एकदा, पोट मऊ, अंगावर कुठंच सूज नाही की खूण नाही. हे टाका आणि त्याला म्हणा मला प्रश्न विचार. चांगला चॅटबॉट तिसऱ्या चौथ्या प्रश्नाला पापण्यांवर येतो, डोळे उघडताना जड वाटतंय का, गिळायला त्रास आहे का. मण्यार. चावलेलं कळत सुद्धा नाही कित्येकदा. जर तो अपेंडिक्स आणि गॅसवरच फिरत राहिला तर तुम्ही त्याला विचारा की भारतातल्या खेड्यात, पावसाळ्यात, जमिनीवर झोपणाऱ्या माणसात आणखी काय धरशील. मग पुढं न्या: २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट नॉर्मल आली तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, द्यायचं का नाही? लहान मुलाला एएसव्हीचा डोस कमी करायचा का? या दोन प्रश्नांवर एमबीबीएस झालेले पण गडबडतात. मण्यारीचं विष नसांवर जातं, रक्त गोठायची टेस्ट नॉर्मलच येणार, नुसत्या त्यावर थांबायचं नाही. आणि मुलाला डोस मोठ्या माणसाएवढाच, कारण साप पोराचं वजन बघून विष सोडत नाही. चॅटबॉट यात चुकला तर चांगलंच, तुम्ही त्याला पकडलं म्हणजे तुम्हाला येतं.

जिथं डॉक्टरांतच दोन मतं आहेत तिथं अजून सावध. फवारणीचं औषध पिलेला पेशंट आपल्याकडं काही नवीन नाही. अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधावर वाद नाही, पण पॅम हे दुसरं उताऱ्याचं औषध द्यायचं का, किती, किती वेळ? सरळ विचारलं तर चॅटबॉट ठामपणे एक डोस सांगून मोकळा होतो, असा की जणू वाद कधी नव्हताच. म्हणून मी असं विचारतो: याच्या बाजूचा सगळ्यात चांगला ट्रायल कोणता, विरोधातला कोणता, आणि दोघांचे पेशंट वेगळे कसे होते. मग खरी मजा येते. बाजूचा ट्रायल निघतो आपल्याच महाराष्ट्रातला, बारामतीचा, २००६ चा, लॅन्सेटमधला, २०० पेशंट, जास्त डोसचं सतत इन्फ्युजन दिलं तर फायदा दिसला. विरोधातला श्रीलंकेचा, २००९ चा, फायदा दिसला नाही. दोन्हीतले पेशंट किती वेळानं आले, कोणतं विष होतं, कितीजण मॉडरेट, म्हणजे मध्यम आजारी, होते, हे एकेक विचारत गेलो की एका रात्रीत जेवढं कळतं तेवढं मला दोन सीएमईत कळलं नव्हतं. शेवटी मी काय करतो ते इथं लिहीत नाही, तुम्ही दोन्ही पेपर वाचा आणि ठरवा.

आता तपासणं. हा भाग कंटाळवाणा आहे पण यातच लोक फसतात. चॅटबॉट संदर्भ बनवतो. म्हणजे लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष पण पटण्यासारखं, आणि पेपरच नाही. म्हणून त्याला पीएमआयडी, म्हणजे पबमेड या पेपरांच्या ऑनलाइन यादीतला नंबर, मागायचा आणि तो नंबर पबमेडमध्ये स्वतः टाकायचा. माझ्यासोबत झालंय, मधुमेहाच्या पेपरचा म्हणून दिलेला नंबर टाकला तर गुडघ्याच्या ऑपरेशनचा पेपर उघडला. मी रोज सगळं तपासत नाही, कोण तपासेल, पण एक नियम ठेवलाय: ज्या आकड्यावर उद्या माझा हात चालणार आहे, डोस, वजनाचा हिशोब, क्रिएटिनिनची मर्यादा, तो आकडा दुसरीकडं बघितल्याशिवाय उजव्या पानावर उतरवायचा नाही.

औषधाच्या ब्रँड नावानं तर विचारूच नका. आपल्याकडं एका नावाला मागं प्लस, फोर्टे, डीएसआर लागलं की आतलं औषध बदलतं, तो अंदाजानं काहीतरी घटक सांगतो आणि इतक्या आत्मविश्वासानं सांगतो की आपल्याला आपल्याच केमिस्टवर शंका यावी. पाकिटावरचे घटक वाचून जेनेरिक नावं टाका.

तारीख पण बघायची. त्याचं शिक्षण एका ठराविक दिवशी थांबलेलं असतं, नेटवर शोधायची सोय चालू नसेल तर त्यानंतरचं त्याला ठाऊक नसतं. आणि जुनं ढीगभर वाचलेलं असलं की नवीन त्याच्याखाली दबतं. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या एमडीआर टीबीचा ६ महिन्यांचा बीपाल्म कोर्स आपल्या आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला, आणि मी एकदा विचारलं तर उत्तरात जुनाच लांबलचक कोर्स. तसंच क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिनचं सर्दीचं कॉम्बिनेशन, ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं आपल्याकडं डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं गेलंय, हे त्याला आपणहून आठवेलच असं धरून चालू नका.

याच्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे त्याला आपलं पुस्तक द्यायचं. आयसीएमआरच्या स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोच्या पीडीएफ फुकट आहेत, टीबी कार्यक्रमाच्या गाइडलाइन आहेत, सर्पदंशाची आहे, मधुमेहाची अमेरिकन स्टँडर्ड्स ऑफ केअर दरवर्षी नवीन निघते आणि तीही उघडी आहे. ती पीडीएफ अपलोड करायची आणि म्हणायचं फक्त यातूनच उत्तर दे, पान नंबर सांग, यात नसेल तर नाही म्हण. नोटबुकएलएमसारखं साधन यासाठीच बनवलंय, वाक्याच्या शेजारी आकडा असतो, दाबला की पीडीएफमधली मूळ ओळ दिसते. मी त्यातली ऑडिओची सोय गाडीत ऐकतो, रेडिओवर दोघं गप्पा मारायलेत असं वाटतं. ऐकायला लई भारी, पण ऐकलेलं शिकलेलं नसतं, हे मी माझ्या वहीवरनं सांगतो, ऑडिओच्या दिवशीची डावी बाजू नेहमी कोरीच असते.

अजून त्याची एक खोड आहे, तो हो ला हो करतो. तुम्ही म्हणालात मला वाटतं हा डेंग्यू आहे, की तो डेंग्यूचेच पुरावे गोळा करून देणार. वर कौतुक, वा डॉक्टर, फार छान विचार. आपल्याला घरी कुणी असं म्हणत नाही त्यामुळं बरं वाटतं. म्हणून आपलं मत आपलं म्हणून सांगायचंच नाही. मी लिहितो: एका दुसऱ्या डॉक्टरनं हा प्लॅन केलाय, मला तो पटत नाही, चुका काढ. मग बघा कसा सोलतो.

पेशंटचं नाव, मोबाईल, आधार, रिपोर्टचा फोटो, एक्सरेच्या कोपऱ्यातलं नाव, काही म्हणजे काही टाकायचं नाही. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवा, तालुक्याच्या गावात नाव लागतच नाही. अमुक वाडीची, ३४ वर्षांची, जुळी झालेली, नवरा मिलिटरीत, एवढं लिहिलं की अख्खा तालुका ओळखतो. वय पाच वर्षं इकडं तिकडं करा, गाव काढून टाका, शिकायला लागतं ते तेवढ्यावर भागतं. एचआयव्ही, मानसिक आजार, विष पिलेली केस असेल तर मी दोन तीन केसेस मिसळून एक बनवतो.

आता एक उपयोग असा की जो मी आधी थट्टेवारी नेला होता. बोलायची प्रॅक्टिस. इन्सुलिन चालू करायचं म्हटलं की आपली बाई म्हणती, "नको बाबा, एकदा सुई लागली की सुटत नाही, माझी जाऊ सुई लागल्यावरच गेली." चॅटबॉटला सांगा, तू ६० वर्षांची शेतकरी बाई आहेस, साखर ३५० आहे, इन्सुलिनला घाबरतीस, सहज तयार होऊ नकोस. आणि तुम्ही समजवा. पहिल्यांदा ती बाई अगदी पुस्तकी बोलायली, "डॉक्टरसाहेब, मला इन्सुलिनबद्दल थोडी साशंकता आहे." साशंकता! आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडी साशंकता! मग मी तिला पाच सहा वाक्यं आपल्याकडच्या बोलीत नमुन्याला दिली तेव्हा जरा जमलं. पण शेवटी मी त्याला विचारलं की मी किती वेळा तिचं बोलणं मधेच तोडलं, तर म्हणे चार वेळा. बायको हेच १८ वर्षं सांगायलीय.

आमच्याकडच्या तरुण आरएमओला, म्हणजे हॉस्पिटलातच राहणाऱ्या डॉक्टरला, मी वही सुरू करायला लावली. त्याचा प्रॉब्लेम उलटा, त्याला चॅटबॉट माझ्यापेक्षा फास्ट येतो, डावी बाजू लिहायचाच कंटाळा. त्याच्यासाठी वेगळा नियम केला, पेशंट समोर असताना फोन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, अडलं तर आधी मला फोन, नाहीतर पुस्तक, चॅटबॉट रात्री. इमर्जन्सीत तर बोलूच नका, तिथं भिंतीवर चिकटवलेला डोसचा कागद कुठल्याही एआयपेक्षा लवकर वाचता येतो आणि लाईट गेली तरी टॉर्चवर दिसतो.

आणि दर गुरुवारी आम्ही चौघं बसतो, एक बालरोगवाले, एक गायनॅकच्या मॅडम, एक बीएएमएस मित्र आणि मी. प्रत्येकानं आठवड्यातली एक अशी गोष्ट आणायची की जिथं चॅटबॉट चुकला. बरोबर आला ते आणायचं नाही. यामुळं एक झालं, आम्ही त्याच्या उत्तरात चूक शोधत वाचायला लागलो, आणि चूक शोधायची तर विषय वाचावाच लागतो. मॅडम दर वेळी जिंकतात.

पेशंट पण आता मोबाईल पुढं करून दाखवायलेत, डॉक्टर हे बघा यात काय लिहिलंय. चिडू नका. २०२५ मध्ये अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनच्या केसेसच्या जर्नलमध्ये एक केस आली होती, अमेरिकेतल्या ६० वर्षांच्या माणसानं जेवणातलं मीठ बंद करायचं म्हणून चॅटबॉटला विचारून त्याजागी सोडियम ब्रोमाइड खाल्लं तीन महिने, आणि भ्रम होऊन दवाखान्यात आला. ब्रोमिझम, म्हणजे ब्रोमाइडची विषबाधा, आपण फक्त परीक्षेपुरतं वाचलेलं. त्यामुळं हिस्ट्री घेताना आता मी एक प्रश्न वाढवलाय: मोबाईलला विचारून काही घेतलं का? चार जणांत एकजण तरी हळूच हो म्हणतो, आणि मग पिशवीतनं पावडरीचा डबा निघतो.

वेळ बांधून घ्या, वीस मिनिटं. तो प्रत्येक उत्तराच्या शेवटी अजून काही सांगू का विचारतो आणि आपण हो म्हणत म्हणत साडेबारा वाजवतो, सकाळी ओपीडीत डोळे लाल. मी जेवणाआधी बसतो, घरातनं हाक आली की वही बंद. सुरुवात करायची असेल तर नवीन काही शोधू नका, या आठवड्यात तुम्ही रेफर केलेला शेवटचा पेशंट आठवा, चिठ्ठीवर काय डायग्नोसिस लिहून पाठवला होता ते डाव्या बाजूला उतरवा, आणि चॅटबॉट उघडायच्या आधी पुढच्या हॉस्पिटलला एक फोन लावून विचारा की शेवटी निघालं काय.